शिकार पाहताना

उद्याची काळजी करणाऱ्या शिष्यांना प्रभू येशूने आकाशातली पाखरे दाखवली. ना पेरणी, ना कापणी, ना कोठार, आणि तरीही पिता त्यांना पोसतो! हा उपदेश ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे बहुधा चिमण्या येतात, कबुतरे येतात, दाणे टिपणारी निरुपद्रवी पाखरे येतात. परंतु संत लूकच्या शुभवर्तमानात याच उपदेशात जे नाव आले आहे ते आहे कावळ्याचे. कावळा काय खातो हे कुणाला सांगायला नको. मोशेच्या नियमशास्त्रात तर त्याची गणना अशुद्ध पक्ष्यांत केली आहे. अशा कावळ्याला जर पित्याच्या पंक्तीत पान असेल, तर त्याच पंक्तीत घार, ससाणा आणि गरुडही बसलेले असणार. फरक इतकाच, की त्यांच्या पानात जे वाढले जाते ते वाढण्याच्या क्षणापर्यंत जिवंत असते.

पाखरांकडे पाहा, ही आज्ञा या पाखरांनाही लागू आहे का? असेल तर कोणत्या नजरेने पाहायचे? एक जीव दुसऱ्या जिवाला मारत असताना ते आवडीने पाहणे, त्यासाठी गाडी करून जाणे, पैसे मोजणे, हे योग्य की अयोग्य? प्रश्न कुणाला पोरकट वाटेल. पण ज्याने इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ होडीत बसून ते दृश्य पाहिले आहे, त्याला तो तसा वाटणार नाही.

समुद्राकाठच्या खाडीत दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते. ओहोटीला चिखल उघडा पडतो, मासे उथळ पाण्यात अडकतात आणि शिकारी पक्ष्यांचे ताट वाढले जाते. आपल्याकडे समुद्र नाही, पण उजनी आहे. भीमा नदीवरचे हे धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाले आणि त्याचे पाणी मागे पसरत इंदापूर, दौंड, करमाळा अशा तालुक्यांच्या शिवारात शिरले. या जलाशयालाही भरती आहे आणि ओहोटीही आहे, फक्त ती वर्षातून एकदाच येते. पावसाळ्यात पाणी चढते, दिवाळीनंतर हळूहळू उतरू लागते. उतरत्या पाण्यामागे शेतकरी गाळपेर करतात. उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेले की पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर वर येते. पाणी जसजसे उथळ होते तसतसा चिखल, किडे, शिंपले आणि मासे उघड्यावर येतात. डिकसळ आणि कुंभारगावच्या काठाला मग दूरदूरचे पाहुणे उतरतात: रोहित, पट्टकादंब, नाना जातीची बदके. आणि जिथे एवढे पक्षी व एवढे मासे, तिथे त्यांना खाणारेही येतातच.

त्यांतला सर्वांत देखणा शिकारी म्हणजे ऑस्प्रे. वरून तपकिरी, खालून पांढरा, डोळ्यावरून गेलेली काळी पट्टी. हा जवळजवळ फक्त मासेच खातो. हिवाळ्यात उत्तरेकडून येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातो. पाण्यापासून बराच वर तो फिरत राहतो, मध्येच एका जागी पंख फडफडवत थांबतो, खाली पाहतो, पुन्हा पुढे सरकतो. मग अचानक पंख मिटून, पाय पुढे काढून खाली येतो. मोठा आवाज होतो, पाणी उसळते, क्षणभर पक्षी दिसेनासा होतो. नंतर तो जड पंखांनी वर येतो, अंगावरचे पाणी झटकतो आणि पंज्यातला मासा फिरवून त्याचे डोके पुढच्या बाजूला करतो, म्हणजे वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा. निसरडा मासा सुटू नये म्हणून त्याच्या तळव्यांना खरखरीत काटे असतात आणि पायाचे बाहेरचे बोट मागे वळू शकते. एखाद्या वठलेल्या झाडावर बसून तो खायला सुरुवात करतो. मासा पुष्कळदा अजून हलत असतो.

होडीतली मंडळी अशा वेळी काय करतात? काहीजण टाळ्या वाजवतात. काहींच्या तोंडून ‘बिचारा मासा!’ असे निघते. कॅमेरेवाले काहीच बोलत नाहीत, त्यांची बोटे चालू असतात. एखादी आई लहानग्याच्या डोळ्यांवर हात ठेवते आणि स्वतः मात्र पाहते. थोड्या वेळाने कुणीतरी विचारते, ‘देवाने असे का केले असेल?’ आणि मग सगळे बिस्किटांचा पुडा फोडतात.

या प्रश्नाचे एक सोपे उत्तर असे दिले जाते: पूर्वी सगळे पशुपक्षी गवत आणि फळे खात होते, आदामाच्या पापानंतर त्यांच्यात क्रूरपणा आला. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात हिरवी वनस्पती सर्व प्राण्यांना आहार म्हणून दिल्याचा उल्लेख आहे, त्यावरून ही समजूत निघाली. परंतु तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ती स्पष्ट शब्दांत नाकारली. माणसाच्या पापाने प्राण्यांचा स्वभाव पालटला नाही, असे ते म्हणतात, आणि उदाहरण देताना दोनच नावे घेतात: सिंह आणि ससाणा. आज जे मांस खातात ते आदामाच्या काळीही मांसच खात असते, हा त्यांचा निष्कर्ष. इतक्या मोठ्या ग्रंथात त्यांना नेमका ससाणा आठवावा याचे मला फार कौतुक वाटते. ईयोबाच्या ग्रंथातही परमेश्वर ईयोबाला शिकारी पक्ष्यांविषयी प्रश्न करतो आणि त्यांची नजर, त्यांचे उंच घरटे, त्यांच्या पिल्लांचे अन्न हे सारे आपलेच म्हणून सांगतो. त्याबद्दल तो ईयोबाची क्षमा मागत नाही. १०४ व्या स्तोत्रातले सिंहाचे छावेही भक्ष्यासाठी गर्जना करताना देवाजवळच अन्न मागत असतात.

तेव्हा ऑस्प्रे पापी नाही. ज्याला निवड करता येत नाही त्याला दोष लावता येत नाही. मासा सोडून ज्वारी खाण्याचा पर्याय त्याला नाही. आपल्या भाषेतले ‘क्रूर’, ‘खुनी’, ‘लुटारू’ हे शब्द माणसांसाठी घडलेले आहेत, ते पाखराला लावले की माणसे उगाच हलकी होतात.

दुसरे सोपे उत्तर आजकाल जास्त ऐकू येते: ‘हा निसर्गनियम आहे, त्यात विचार करण्यासारखे काही नाही.’ मला हे पहिल्यापेक्षाही कच्चे वाटते. माशाची तडफड खरी आहे. सारी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत असल्याचे संत पौल रोमकरांस लिहितो, तेव्हा तो केवळ माणसांविषयी बोलत नाही. लांडगा आणि कोकरू एकत्र राहतील असे स्वप्न यशया पाहतो. ज्याला काहीच खुपत नाही त्याला असे स्वप्न पडत नाही. ‘बिचारा मासा’ म्हणणाऱ्या बाईच्या मनात जी कळ उठली ती चूक नव्हे. ती पाखराविरुद्धची तक्रार होऊ नये इतकेच.

पाखराचा निकाल लागला. राहिला तो होडीतला माणूस, आणि माझ्या मते खरा प्रश्न त्याचाच आहे.

हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी इसवी सन ४०० च्या सुमारास आपल्या ‘कबुलीजबाबा’त या माणसाचे चित्र काढून ठेवले आहे. कुत्रा सशामागे धावतो तो खेळ पाहायला मी आता सर्कशीत जात नाही, असे ते सांगतात. पण वाटेने जाताना शेतात तसा पाठलाग दिसला की मन तिकडे ओढले जाते. जनावराचे तोंड वळवले नाही तरी मन वळतेच. घरी बसलेले असताना पाल माश्या पकडते, कोळी जाळ्यात किडा गुंडाळतो, तेही ते पाहत राहतात. नंतर देवाच्या कारागिरीची स्तुती मनात येते, परंतु स्तुतीसाठी म्हणून पाहायला सुरुवात केलेली नव्हती, हे ते प्रांजळपणे मान्य करतात. लवकर उठणे वेगळे आणि मुळात न पडणे वेगळे, असा त्यांचा सूर आहे.

त्याच पुस्तकात त्यांचा मित्र आलिपियस याची हकिकत आहे. रोममध्ये मित्रांनी त्याला बळजबरीने रंगमंडळात नेले, जिथे माणसे माणसांशी मरेपर्यंत लढत. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. गर्दीचा मोठा आवाज झाला, कुतूहलाने डोळे उघडले, आणि त्या एका दृष्टिक्षेपात तो गर्दीतलाच एक होऊन गेला. रक्ताचा घोट घ्यावा तसे त्याने ते दृश्य प्राशन केले.

आता कुणी म्हणेल, कुठे रोमचे रंगमंडळ आणि कुठे भिगवणची होडी! फरक आहे, आणि मोठा आहे. रोममध्ये मरण प्रेक्षकांसाठी घडवले जात होते. बाके रिकामी असती तर कुणी मेले नसते. उजनीवरचा ऑस्प्रे मात्र आपण घरी झोपलेले असलो तरी मासा पकडणारच. आपल्या पाहण्याने माशाचे मरण एका क्षणानेही पुढेमागे होत नाही. म्हणून पाहणारा त्या मरणाला जबाबदार नाही.

पण हा फरक आपण स्वतःच पुसून टाकू शकतो. होडी किनाऱ्यावरून सुटताना नावाड्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न पुष्कळदा हाच असतो: ‘दादा, शिकार दिसेल ना?’ दोन तासांत शिकार दिसली नाही तर पैसे वाया गेल्याची भावना होते. मग कुणी सुचवते, होडी जरा थव्यात घाला, पाखरे उडतील, काहीतरी घडेल. शिकारी पक्ष्यांच्या छायाचित्रांसाठी आमिष टाकण्याची रीत जगात अनेक ठिकाणी आहे आणि तिच्याबद्दल पक्षीमित्रांमध्येच वाद आहेत. कॅमेऱ्याच्या सोयीने, प्रकाश चांगला असेल तिथे जिवंत मासा ठेवला, की तो मासा आपल्यासाठी मेला. तिथे रंगमंडळ उभे राहिले, बाके लहान असली तरी.

नावाड्याला दोष देणे सोपे आहे. परंतु उजनीचे पाणी आले तेव्हा पुष्कळांची गावे आणि शेते त्याखाली गेली. ज्या पाण्याने घर नेले त्याच पाण्यावर जाळे टाकून आणि होडी चालवून आज अनेक घरे चालतात. गिऱ्हाईक नाराज होऊन गेले तर पुढच्या रविवारी ते दुसऱ्या होडीत बसेल, ही भीती ज्याच्या मनात आहे त्याने थवा उठवला तर त्या पापाचा किती वाटा त्याचा आणि किती मागणाऱ्याचा? मला वाटते, मागणाऱ्याचा मोठा. पोटासाठी केलेल्या गोष्टीपेक्षा हौसेसाठी करवून घेतलेल्या गोष्टीचा हिशेब कडक असतो. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २४१८) प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे हे माणसाच्याच प्रतिष्ठेला शोभत नाही असे म्हटले आहे. फोटो हे कारण पुरेसे आहे का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बरे, आमिष टाकले नाही, थवा उठवला नाही, नुसते पाहिले. मग तरी नजर शुद्ध असते का? संत थॉमस यांनी खेळतमाशांविषयी एक साधी कसोटी दिली आहे: जे पाहिल्याने माणूस वासनेकडे किंवा क्रूरतेकडे झुकतो, ते पाहणे दोषास्पद. कसोटी दृश्याची नाही, पाहून झाल्यावर आपण कसे झालो याची आहे. आणि इथे मला भिगवणच्या बाजूने साक्ष द्यावीशी वाटते. ही साक्ष झेपेच्या क्षणाची नाही, त्याच्या आधीच्या कंटाळवाण्या तासाभराची आहे.

ते समजायला ऑस्प्रेपेक्षा दलदली भोवत्या बरा. हा शिकारी पक्षी पाणवनस्पतींवरून अगदी खालून, पंख थोडे वर धरून, संथ फिरत असतो. त्याचे लक्ष असते काळ्या अंगाच्या आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या पाणपक्ष्यावर. या पक्ष्याला मराठीत वारकरी म्हणतात. तुकोबांची पालखी याच बारामती-इंदापूरच्या वाटेने पंढरीला जाते, त्यामुळे हे नाव इथे विशेष शोभते. भोवत्या दिसला की पसरलेले वारकरी भराभर एकत्र येतात आणि त्यांचा पाण्यावर एक काळा, दाट गोळा होतो. भोवत्या वरून झेप घेतो, ते पाणी उडवतात, तो उठतो. पुन्हा येतो. पुन्हा पाणी उडते. गोळा फुटत नाही तोवर त्याचे काही चालत नाही. तो एकटा पडलेला, आजारी किंवा दमलेला शोधत असतो. पाच वेळा, दहा वेळा तो रिकाम्या पायांनी उठतो आणि शेवटी दूर कुठेतरी निघून जातो. गोळा सैल होतो, वारकरी पुन्हा चरू लागतात.

हे ज्याने तासभर पाहिले त्याच्या मनाचे काय होते? सुरुवातीला तो वारकऱ्यांच्या बाजूने असतो. अर्ध्या तासाने त्याला भोवत्याची भूक दिसू लागते. हजारो किलोमीटर उडून आलेला तो पक्षी, दर रिकाम्या झेपेबरोबर थोडा अधिक थकणारा. मग कुणाची बाजू घ्यावी हे कळेनासे होते, आणि काही वेळाने बाजू घेण्याची इच्छाच राहत नाही. टाळ्या वाजवायला बाजू लागते. जो फक्त झेपेसाठी आला, त्याच्या वाट्याला हा तास येतच नाही. तो मोबाइल पाहत बसतो आणि कुणी ‘आला, आला!’ म्हटले की मान वर करतो. एकाच होडीत दोन माणसे असतात, एकच दृश्य पाहतात, आणि त्यांतला एक आलिपियस असतो.

आणखी एक गोष्ट होते, ती मात्र हमखास होते. परतताना भूक लागलेली असते आणि भिगवणच्या हॉटेलांत मासे ताजे मिळतात. चिलापी तळलेली असते, रस्सा झणझणीत असतो. सकाळी आठ वाजता ‘बिचारा मासा’ म्हणणारे आपण दुपारी एक वाजता आणखी एक तुकडा मागवतो. यात ढोंग आहे असे मी म्हणणार नाही. पुनरुत्थित प्रभूनेही शिष्यांपुढे भाजलेला मासा खाल्ला, आणि त्याचे पहिले शिष्य जाळी टाकणारेच होते. पण गालीलच्या त्या कोळ्यांनी मासा मरताना रोज पाहिलेला होता. कुंभारगावचे मच्छीमार आजही पाहतात. ऑस्प्रेकडे ते ना टाळ्या वाजवून पाहतात ना हळहळून. आपणच असे आहोत की ज्यांच्या जेवणासाठीचे मरण दुसऱ्या कुणीतरी, कुठेतरी, आपल्याला न दाखवता उरकलेले असते.

आणि जेवणापुरतेच कशाला? पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. त्या पाण्याने माशांचे आणि काठच्या माणसांचे जे होते ते कुणी होडीत बसून पाहायला जात नाही. त्यात झेप नाही, उसळी नाही, फोटो नाही. ऑस्प्रे भुकेपुरता एक मासा नेतो. आपल्या संडास-मोऱ्यांचा नळ किती नेतो हे मोजायला आपण कधी थांबत नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या शिकारीविषयी एवढी चर्चा करणाऱ्या आपल्यासारख्यांना ही न दिसणारी शिकार जास्त अवघड जायला हवी.

म्हणून मुलांचे डोळे झाकणाऱ्या त्या आईविषयी मला वाटते, तिने हात काढावा. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांना आपण जेवणाआधीची प्रार्थना पाठ करून घेतो. अन्नासाठी आभार का मानायचे, हे त्या मुलांना भाजीच्या पिशवीवरून कळत नाही. पंज्यात हलणारा मासा पाहून मूल गप्प होईल, कदाचित रडेल. त्याला लगेच ‘निसर्गनियम’ म्हणून समजावू नये आणि ‘दुष्ट पक्षी’ असेही म्हणू नये. त्याने काही विचारले तर जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगावे. घरी गेल्यावर ताटापुढे हात जोडताना ते मूल काय करते ते पाहावे.

ऑस्प्रे उन्हाळ्याच्या तोंडाशी निघून जातो, म्हणून ज्यांना जायचे आहे त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारीत जाणे बरे. सूर्य वर येण्याआधी काठावर पोहोचावे, कारण नंतर वारा सुटतो आणि होड्यांची गर्दी होते. होडीत बसताक्षणीच नावाड्याला सांगून ठेवावे: ‘दादा, काही दिसले नाही तरी चालेल, तुमचे पैसे पूर्ण. पाखरांच्या अंगावर जाऊ नका.’ एवढे ऐकल्यावर तोही सहसा निवांत होतो, होडी थांबवून बसतो, आणि हिवाळ्यातली पाखरे कोणत्या महिन्यात येतात, पाणी कुठवर चढते, त्याच्या आजोबांचे शेत नेमके कुठल्या बाजूला पाण्याखाली आहे, हे सांगू लागतो.